निशाणी बांगडीची
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'माझ्या नोकरीतली वर्षं'. मी सदतीस वर्षं कोर्टात कारकुनी केली. तारखा लावल्या, फायली बांधल्या, नकला दिल्या. यात ऐकण्यासारखं पाच मिनिटांचंसुद्धा नाही, हे माझ्या बायकोनं मला वेळीच सांगितलं. म्हणून विषय थोडा बदलून घेतलाय. कोर्टाच्या कागदांबद्दलच बोलणार आहे, पण माझ्या टेबलावरच्या नाही. माझे खापरपणजोबा एका खटल्यात आरोपी होते. त्यांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ते दाभोळचेच. त्यांचा माग काढायला मला निवृत्तीनंतरची सहा वर्षं लागली, त्याची ही हकिगत.

आमच्या घरात ही गोष्ट कुणी सांगत नव्हतं. आजी फक्त एवढंच म्हणायची, की तिच्या आजेसासऱ्यांना 'मोरसला नेलं'. सर्वपित्री अमावास्येला एक पान वेगळं वाढलं जायचं. ज्याची तिथी ठाऊक नाही त्याचं पान. आम्हा पोरांना वाटायचं, गलबतावर खलाशी असतील, वादळात बुडाले असतील. दाभोळात असे काय कमी झाले! खाडीच्या तोंडाला राहणाऱ्या माणसाला समुद्रानं माणूस नेला हे पटायला वेळ लागत नाही. आजी आणखी एक सांगायची, की खापरपणजी मरेपर्यंत कुंकू लावत होती. आणि हे सांगताना आवाज खाली आणायची.

वडील गेल्यावर माळ्यावरची पेटी उतरवली. तिच्यात जमिनीचे जुने कागद होते, बरेचसे मोडीत. मला मोडी येत नव्हती. पुण्यात एका ओळखीच्या गृहस्थांनी ती शिकवायचे वर्ग घेतले होते, त्यांच्याकडं कागद घेऊन गेलो. त्यात कुळांची एक यादी निघाली. एका नावापुढं लिहिलं होतं, 'का. पा. गेला'. मला वाटलं हा काहीतरी महसुली शेरा असणार. गृहस्थ चष्मा वर करून माझ्याकडं बघत म्हणाले, "अहो, काळे पाणी."

घरी येऊन हे सांगितलं आणि आमच्याकडं उत्साहाला भरती आली. माझा पुतण्या म्हणाला, म्हणजे सत्तावन्नचे क्रांतिकारक! चौकात फलक लावायचा, तालुक्याला निवेदन द्यायचं, इथपर्यंत बेत गेला. फलकाचा मजकूरही त्यानं मोबाईलवर तयार करून ठेवला होता. मी म्हटलं, आधी कागद बघू. सदतीस वर्षांत एवढी एक सवय लागली होती, की तोंडी सांगण्यावर शिक्का मारायचा नाही.

आता हा माग काढायचा कसा? इथं बसलेल्यांपैकी कुणाला पुढंमागं उपयोग होईल म्हणून जरा तपशिलात सांगतो. कंटाळा आला तर खुशाल बाहेर जाऊन लाडू खाऊन या.

पहिली पंचाईत 'मोरस'ची. मोरस म्हणजे मॉरिशस. आपल्याकडं बारीक पांढऱ्या साखरेला जुनी माणसं मोरस साखर म्हणत, ती त्यावरूनच. मॉरिशसला इंग्रजांनी हिंदुस्थानातले कैदी खरोखरच पाठवले होते. 1815 पासून 1837 पर्यंत बंगाल आणि मुंबई इलाख्यातून मिळून सुमारे 1500 माणसं तिथं गेली. त्यांनी रस्ते बांधले, पूल बांधले. चार्ल्स डार्विन 1836 मध्ये त्या बेटावर उतरला तेव्हा त्यानं हे कैदी पाहिले आणि त्यांच्याबद्दल चांगलं लिहून ठेवलं. पण आमचं गणित बसेना. माझे पणजोबा अदमासे 1860 च्या आगेमागे जन्मलेले. मग त्यांचा बाप 1837 पूर्वी मॉरिशसला गेला असेल कसा? पुढं मॉरिशसला करारावर मजूर म्हणून रत्नागिरी जिल्ह्यातले पुष्कळ लोक गेले, त्यांचे वंशज आजही तिथं मराठी म्हणून ओळखले जातात. त्यामुळं गावात 'जहाजावर नेला' म्हटलं की 'मोरसला नेला' असं तोंडात बसलं असावं. माझं पहिलं दीड वर्ष या साखरेत विरघळलं.

काळं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंदमान येतं, आणि अंदमानात सेल्युलर जेल. पण जागा पुष्कळ होत्या. पेनांग, मलाक्का, सिंगापूर, ब्रह्मदेशाचा किनारा, एडन. सिंगापूरचं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रल हिंदुस्थानी कैद्यांच्या मजुरीतून उभं राहिलं. वासुदेव बळवंत फडक्यांना जन्मठेप काळं पाणी झाली आणि पाठवलं एडनला. 1883 च्या फेब्रुवारीत ते तिथंच गेले. उलट दिशेनंही माणसं येत. महाबळेश्वरला एकेकाळी चिनी कैद्यांचा तुरुंग होता, आणि तिथल्या भाजीपाल्याच्या बागा त्यांनी राबून वाढवल्या. आपल्या रत्नागिरीत तर ब्रह्मदेशचा राजा थिबा आणून ठेवला होता, 1886 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1916 पर्यंत. आणि तो इथं असतानाच रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना सहा वर्षं मंडालेला, त्याच्या राजधानीत, ठेवलं. ही अदलाबदल सरकारला कधी गमतीची वाटली असेल का, कुणास ठाऊक.

अंदमानची वसाहत सुरू झाली 10 मार्च 1858 रोजी. डॉक्टर वॉकर नावाचा अधिकारी दोनशे कैदी घेऊन तिथं उतरला. सत्तावन्नच्या उठावातल्या लोकांना ठेवायला जागा हवी होती. त्यानंतर मात्र सगळ्या इलाख्यांतले साधे गुन्हेगारही तिकडंच जाऊ लागले. सेल्युलर जेलचं काम 1896 ला सुरू झालं आणि 1906 ला संपलं. म्हणजे आमच्या खापरपणजोबांनी ती इमारत पाहिलीच नसणार. त्यांच्या काळी जंगल तोडणं, दलदल बुजवणं, हीच शिक्षा. गळ्यात लाकडाचा बिल्ला, त्यावर नंबर, कलम, शिक्षेची तारीख.

वर्षांचा अंदाज आला, की शोध जरा सोपा होतो. पणजोबा तीनेक वर्षांचे असताना बाप नेला असं आजी म्हणायची. म्हणजे 1860 नंतरची काही वर्षं. आता कायद्याची थोडी माहिती, कारण तीच माझ्या कामी आली. पीनल कोड लागू झालं 1 जानेवारी 1862 ला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई हायकोर्ट सुरू झालं आणि जुनी सदर फौजदारी अदालत गेली. त्याआधीचा खटला असता तर एल्फिन्स्टनच्या काळातल्या 1827 च्या रेग्युलेशनखाली शोधावं लागलं असतं. 1862 नंतरचा असेल तर कलम मिळणार. जे पीनल कोड आम्ही जन्मभर वापरलं, ते 2024 च्या 1 जुलैला बदललं. तीनशे दोनचं एकशे तीन झालं. माझी जीभ अजून वळत नाही. आणि 'काळं पाणी' हा शब्द कायद्यातून गेला तो 1 जानेवारी 1956 ला, तिथं 'जन्मठेप' आली. म्हणजे आपल्यातले काही जण जन्मले तेव्हा पुस्तकात ती शिक्षा अजून होती!

पहिल्यांदा मी अर्थातच आपल्याकडच्या कोर्टाच्या अभिलेख कक्षात विचारलं. तिथं काय उत्तर मिळणार ते मला आधीच माहीत होतं. कारण, आता हे कबूल करायलाच हवं, जुने कागद नष्ट करण्याचं काम मीही केलंय. मुदत संपलेल्या फायलींच्या याद्या करायच्या, वर सही घ्यायची, आणि गठ्ठे मोजून द्यायचे. नियमानंच चालायचं सगळं. त्या गठ्ठ्यांत कोण होतं ते आम्ही बघत नव्हतो. एकदा एका फायलीतून वाळलेलं तुळशीचं पान पडलं होतं, कुणीतरी शपथेच्या वेळी ठेवलेलं असेल. मी ते खिडकीबाहेर टाकलं होतं. मुंबईला जाताना गाडीत मला ते पान आठवायचं.

मुंबईला, म्हणजे काळा घोड्याला. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे. मुंबई सरकारच्या न्याय खात्याचे जुने खंड तिथं वर्षवार लावलेले आहेत. चिठ्ठी भरून द्यायची, कापडात बांधलेला खंड येतो, आपण पान उलटायचं. पान उलटायचं म्हणतोय, पण ते पापडासारखं असतं. फुंकर मारली तरी कोपरा तुटेल अशी भीती. सगळं हातानं लिहिलेलं इंग्रजी, लांब शेपट्यांचं. पहिल्या दिवशी मी चार तासांत सहा पानं वाचली.

दुसरी पंचाईत नावांची. साहेबाचा कारकून आडनाव लिहीतच नाही. 'अमुक बिन तमुक', झालं. मुसलमान असेल तर 'वलद'. त्यामुळं बापाचं नाव ठाऊक नसेल तर काही हाती लागत नाही. आमच्या खापरपणजोबांचं नाव मी आज घेत नाहीये, त्याचं कारण पुढं येईल. पण नाव असं, की त्या काळी दर चौथ्या घरात असावं. बापाचं नावही तसंच. मग गाव बघायचं, तर दाभोळचं स्पेलिंग प्रत्येक लेखकाचं वेगळं. दाबूल, दाभूल, दाबोल. रत्नागिरीचं 'रटनाघेरी'. एकदा मला 'दाभोई' लिहिलेला एक माणूस सापडला, नाव तेच, बापाचं नाव तेच. मी रात्री लॉजवर जाऊन घरी फोन केला, सापडले म्हणून. दुसऱ्या दिवशी पुढचं पान वाचलं तर तो गुजरातेतला डभोईचा निघाला. त्यालाही काळं पाणी झालं होतं. त्याच्या घरचं कुणी त्याला शोधत असेल तर मी खंडाचा नंबर टिपून ठेवलाय.

तालुक्याचं नावही फसवतं. दापोली तालुका म्हणून बघत राहिलात तर जुन्या कागदांत भेटणारच नाही, तिथं 'सुवर्णदुर्ग' असतं. हे मला आपल्या भूगोलाच्या सरांनी सांगितलं. वयाच्या नव्वदीत, फोनवर, आणि वर "हे सातवीत शिकवलं होतं" असंही म्हणाले.

आठव्या खेपेला सापडलं. एका खंडात समुद्रापार पाठवायच्या कैद्यांची यादी होती. नाव बिन बाप, राहणार दाबूल, तालुका सुवर्णदुर्ग, वय तीस, धंदा शेती, कलम तीनशे दोन, जन्मठेप काळे पाणी. मी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललंच नाही. तिथल्या शिपाईमामांनी येऊन विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?"

तीनशे दोन. म्हणजे खून. सत्तावन्न नाही, क्रांती नाही. पुतण्याचा फलक तिथंच उतरला.

यादीत कैद्यांना ठाण्याच्या तुरुंगात जमा करायचा हुकूम होता. इलाख्यातले काळ्या पाण्याचे कैदी ठाण्याला आणत, तिथून मुंबई आणि मुंबईहून जहाज. त्या प्रवासाचं वर्णन एका माणसानं लिहून ठेवलंय. मौलाना जाफर थानेसरी. पंजाबातल्या ठाणेसरचे, अंबाल्याच्या राजद्रोह खटल्यातले. त्यांना लाहोरहून कराचीमार्गे मुंबईला आणलं, ठाण्याच्या तुरुंगात ठेवलं आणि 1866 च्या जानेवारीत ते पोर्ट ब्लेअरला पोचले. जहाजात महिनाभराहून जास्त. सुटून घरी परत आल्यावर त्यांनी उर्दूत 'तवारीख-ए-अजीब' लिहिलं. आमच्या खापरपणजोबांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मी थानेसरींचा प्रवास वाचला. पुढं रेल्वे झाल्यावर रस्ता बदलला. सावरकरांना 1911 साली ठाण्याहून आगगाडीनं मद्रासला नेलं आणि तिथून 'महाराजा' बोटीनं अंदमानला.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आगबोटीचा प्रवास केलाय. पडावातून बोटीकडं जायचं, वर चढताना आई हात घट्ट धरायची, आणि मुंबईला उतरलं की आपण शहाणे झालो असं वाटायचं. त्याच पाण्यावरून तो माणूस गेला, पायांत बेड्या घालून.

गुन्हा काय होता, ते कागद मात्र त्या खंडात नव्हते. ते मिळाले पुढच्या वर्षाच्या खंडात, आणि मिळाले ते एका अर्जामुळं. अर्ज खापरपणजीचा. मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांना.

मूळ अर्ज मोडीत, सोबत इंग्रजी तर्जुमा आणि खालच्या कोर्टाचा थोडक्यात अहवाल. त्या अहवालावरून घडलं ते असं. खाडीकाठी खाजण जमीन. बांध दोन घरांच्या मध्ये. बांधाला उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी अडवायची आणि पावसाचं सोडायची फळी. ती कधी उचलायची यावरून तंटा. एकाच्या भातात खारं पाणी शिरलं. त्यानं दुसऱ्या दिवशी उघाडीपाशी शेजाऱ्याला गाठलं. हातात कोयता होता. शेजारी तिसऱ्या दिवशी गेला. वय सव्वीस. त्याला दोन मुलं होती.

दोघा असेसरांपैकी एकाचं मत पडलं, की भांडण अचानक झालं. दुसऱ्याचं पडलं, की माणूस रात्रभर घरी झोपून सकाळी कोयता घेऊन आला, मग अचानक कसलं. न्यायाधीशानं दुसऱ्याचं मानलं, पण फाशी दिली नाही. मी कोर्टात असे पुष्कळ निकाल टाईप केलेत. माझ्या मनानंही दुसऱ्याचंच मानलं असतं. हे घरी बोललो तेव्हा बायको म्हणाली, "स्वतःच्या खापरपणजोबांना तरी सोडा." पण ते रात्रभर झोपून उठले होते, हे मला अजून टोचतं. रात्रीत राग उतरतो असं आपण धरून चालतो.

आता तो अर्ज. मला वाटलं होतं तिनं नवऱ्याला सोडा म्हणून मागितलं असेल. तसं तिनं मागितलंच नाही. तिनं लिहवून घेतलं होतं, की नवऱ्याच्या हातून गुन्हा घडला हे तिला मान्य आहे. घरात आंधळी सासू आणि तीन मुलं आहेत. सरकारनं त्याला जन्मभर कैदेत ठेवावं, पण रत्नागिरीच्या तुरुंगात ठेवावं. म्हणजे वर्षातून एकदा मुलांना बाप दाखवता येईल. एवढीच मागणी. दाभोळहून रत्नागिरीपर्यंत, त्या काळी, खाड्या ओलांडत, तीन मुलं घेऊन चालत जायची तिची तयारी होती.

अर्जाखाली सही म्हणून एक वर्तुळ काढलंय. शेजारी लिहिणाऱ्यानं लिहिलंय, 'निशाणी बांगडीची'. तुमच्यापैकी जुने दस्त पाहिलेल्यांना माहीत असेल, ज्याला लिहिता येत नाही त्यानं आपली खूण काढायची. शेतकऱ्यानं नांगर, बाईनं बांगडी. वर्तुळ नीट मिटलेलं नाही. वरच्या बाजूला टोकं एकमेकांना चुकलीत. आयुष्यात लेखणी हातात धरायची तिची ती बहुधा पहिलीच वेळ असावी.

सरकारचं उत्तर एका ओळीचं. हस्तक्षेप करण्याचं कारण दिसत नाही, मामलेदारामार्फत अर्जदारास कळवावे.

तारखा जुळवून पाहिल्या. हे उत्तर निघालं तेव्हा जहाज जाऊन सात महिने झाले होते.

पुढं मी पोर्ट ब्लेअरलाही जाऊन आलो, ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर. सगळे सेल्युलर जेलचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम बघायला गेले, मी रॉस बेटाकडं बघत धक्क्यावर बसलो. 1942 ते 45 तिथं जपान्यांचा अंमल होता, त्या धामधुमीत पुष्कळ दप्तर गेलं. खापरपणजोबांचं नाव मला कुठं मिळालं नाही. बरी वागणूक असेल तर काही वर्षांनी कैद्याला जमीन कसायला देत, लग्नही करू देत, आणि अशा कैद्यांची पोरंबाळं तिथलीच झाली. सहलीतल्या गाईडनं सांगितलं, त्याचे स्वतःचे पूर्वजही असेच आलेले. मी त्याला विचारलं, कुठले? म्हणाला, "कागद नाही साहेब, आजी म्हणायची मुंबईकडचे." आम्ही दोघांनी एकमेकांची नाकं-डोळे बघून घेतले. काही जुळलं नाही. चहा मात्र त्यानं पाजला.

आता नाव न घेण्याचं कारण. खटल्याच्या कागदात मयताचंही नाव होतं, बिन बाप. आणि बांधाच्या चतुःसीमा होत्या. ती जमीन आपण सगळ्यांनी पाहिलीय. शाळा चुकवून चिंबोऱ्या धरायला जायचो ना, तेच 'तंट्याचं खाजण'. कसला तंटा हे आपण कधी विचारलं नाही. मयताच्या घरातला एक मुलगा पाचवीपासून अकरावीपर्यंत माझ्या बाकावर होता. तो आज या सभागृहात आहे. कुठं बसलाय ते बघू नका, मीही बघत नाहीये.

कागद मिळाल्यावर महिनाभर मी त्याला काही सांगितलं नाही. काय सांगणार? दीडशे वर्षांपूर्वी माझ्या माणसानं तुझ्या माणसाला कोयता घातला, असं फोनवर सांगतात का? शेवटी गणपतीत त्याच्याकडं गेलो, आरती झाल्यावर पडवीत बसलो आणि झेरॉक्स त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती वाचलीसुद्धा नाही.

"अरे, हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुमच्या घरी नव्हतं?"

मी नाही म्हटलं. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पाचवीत तू पहिल्यांदा आमच्याकडं जेवायला आलास, आठवतं? आजी उठून मागीलदारी गेली होती. तुला मी सांगितलं तिला बरं नाही. ती तुझ्या घराचं नाव ऐकून उठली होती. तिच्या सासरी शिकवलेलं, त्या घरचं पाणी घ्यायचं नाही. वडील तिला म्हणाले, पोरगं आहे, त्याला वाढ. दोन वर्षांनी वाढायला लागली."

मला ती आजी चांगली आठवते. सातवी-आठवीत मला फणसाची भाजी जास्तीची वाढणारी. ती पहिली दोन वर्षं कुठं असायची, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

म्हणजे जे आमच्या घरानं साखरेत घोळून विसरून टाकलं, ते त्यांच्या घरानं चार पिढ्या सांभाळलं. आमच्याकडं एक पान वेगळं वाढत होते, त्यांच्याकडं त्या माणसाची तिथी ठाऊक होती. त्यानं मला ती सांगितली. श्रावण वद्य पंचमी. कोर्टाच्या कागदातल्या इंग्रजी तारखेशी मी पंचांग लावून पाहिलं. जुळली.

मी त्याला विचारलं, शाळेच्या मेळाव्यात हे बोलू का? म्हणाला, "बोल. नावं घेऊ नकोस. आणि आजीचं सांगितलंस तर ती शेवटी वाढायला लागली हेही सांग." तेही सांगून झालं.

मग त्यानं तो कागद परत ओढून घेतला आणि बांगडीचं वर्तुळ बघत बसला. "तुझी खापरपणजी रत्नागिरीला चालत जाणार होती?" त्यानं विचारलं. हो म्हटलं. "आमची माहेरी गेली होती, दोन पोरं घेऊन. गुहागरला. परत यायला तिला सहा वर्षं लागली." हे कुठल्याच खंडात नाही. तिला अर्ज करायला कारणच नव्हतं.

माझी वेळ संपत आली असं सूत्रसंचालक खुणेनं सांगतायत. एकच विनंती. तुमच्या माळ्यावर मोडी कागद असतील तर घर रंगवायला काढताना ते रद्दीत घालू नका. ओलीतून काढा, सुती कापडात गुंडाळा, आणि सेलोटेप बिलकुल लावू नका. वाचून हवे असतील तर मला फोन करा, मी आता बऱ्यापैकी वाचतो. दाभोळचं, दाभोईचं, कुठलंही.

यादीची आणि अर्जाची नक्कल मी सोबत आणलीय. मधल्या सुट्टीत आठवी 'ब'च्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर ठेवतो. ज्यांना बघायची असेल त्यांनी यावं. फक्त चिवड्याचे हात आधी पुसून या.